श्रीधरच्या थापा

आमच्या मंडळात पत्त्यांवर पैसे लावायचे नाहीत असा नियम आहे, त्यामुळे माणसं जास्त मन लावून खोटं बोलतात. पैसे असले की खोट्याला किंमत पडते, आणि किंमत पडली की पुणेकर दोनदा विचार करतो. इथे नुसत्या प्लॅस्टिकच्या चिप्स. हरल्या तर डब्यात परत. मग ज्याने आयुष्यात कधी पीएमटीचं तिकीट बुडवलं नाही असा कोथरूडातला निवृत्त सज्जनही हातात दुर्री-सत्ती धरून, एक्क्यांची जोडी असल्यासारखा पंख्याकडे बघत बसतो.

मी खेळत नाही. पत्ते वाटतो. सगळी नोकरी दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेली, त्यामुळे मला स्वतः खर्च करण्यापेक्षा दुसरा कुठे खर्च करतोय ते बघण्यात जास्त गोडी. खेळणाऱ्याला त्याचे दोन पत्ते दिसतात. वाटणाऱ्याला माणसं दिसतात. निदान असं मी सगळ्यांना सांगत असे.

पोकर सोपा आहे. प्रत्येकाला दोन पत्ते, पालथे. मध्ये टेबलावर सगळ्यांचे मिळून पाच, टप्प्याटप्प्याने उघडायचे. आपले दोन आणि मधले पाच यांतून ज्याचे पाच सगळ्यांत भारी, त्याचा डाव. पण गंमत अशी, की तिथपर्यंत जावंच लागतं असं नाही. तुम्ही चिप्सचा ढीग पुढे सरकवलात आणि समोरचा घाबरून पत्ते टाकून मोकळा झाला, तर तुमच्या हातात काय होतं हे विचारायचा हक्क कोणाला नाही. हीच थाप. आणि हलक्या हातावर थाप कधी मारायची, या एका प्रश्नावर आमच्या मंडळात जेवढी चर्चा झाली आहे, तेवढी सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवरही झाली नसेल.

या विषयातला आमचा अधिकारी माणूस म्हणजे श्रीधर. माझा शाळेपासूनचा मित्र. एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होता. अर्ध्या मिलिमीटरच्या चुकीवरून माणसाला पायऱ्या चढून परत यायला लावायचा. असला माणूस म्हातारपणी थापाड्या झाला, याचं आम्हाला सगळ्यांना फार कौतुक. आधी तो फार जपून खेळायचा. पण गेल्या वर्षभरात त्याने असे काही डाव मारले, की विचारू नका. हातात काही नाही आणि ढीग पुढे. समोरच्याने पत्ते टाकले की चिप्स ओढून घेणार. एखाद्याने धीर करून उघडायला लावलंच आणि हातात फुसकं निघालं, तर हा नुसता ओठ मिटून हसणार. चेहऱ्यावर ओशाळलेपण नाही, डोळ्यांची उघडझाप नाही. सापडला तरी वाटायचं, की सापडायचं ठरवूनच सापडला.

माधव म्हणून आमच्यात एक आयटीतला मुलगा आहे. मुलगा म्हणजे चाळिशीचा, पण आमच्या मंडळात तो मुलगाच. त्याने श्रीधरच्या थापांचा अभ्यास केला. अभ्यास म्हणजे लॅपटॉप, भिंतीवर तक्ता, सगळं.

"काकांचं बघा," तो आम्हाला समजावत होता. "आपण ब्लफ कधी करतो? हात थोडा बरा असताना. म्हणजे पकडलं गेलं तरी काहीतरी हाताशी असावं. चूक. काका एकदम कचऱ्यावर ब्लफ करतात. टोटल कचरा. ज्या हाताला उघडून काहीच मिळणार नाही, त्यालाच थाप परवडते. धिस इज टेक्स्टबुक."

"मी पुस्तक वाचलेलं नाही," श्रीधर म्हणाला.

"तेच तर ग्रेट आहे, काका."

"वाचता येत असतं तर वाचलं असतं," श्रीधर म्हणाला, आणि आम्ही हसलो. पुण्यात माणूस स्वतःबद्दल वाकडं बोलला की ती विनयाची पद्धत समजतात.

श्रीधरची पत्ते बघायची एक ढब होती. पत्ता पार नाकापाशी न्यायचा, मान तिरकी करायची, आणि पत्त्याकडे न बघता जरा बाजूला, माझ्या कानाकडे बघितल्यासारखं करायचं. माधवचं म्हणणं, ही लक्ष दुसरीकडे वळवायची युक्ती. दोन महिन्यांत अर्धं मंडळ पत्ते नाकाला लावायला लागलं. बाहेरून येणाऱ्याला वाटलं असतं, की इथे पत्त्यांना अत्तर लावून देतात.

श्रीधरचीच दुसरी एक सुधारणा होती. सभेत उभं राहून त्याने ठराव मांडला, की मधला प्रत्येक पत्ता उघडताना वाटणाऱ्याने तो मोठ्याने म्हणावा. कोपऱ्यात बसणाऱ्यांना दिसत नाही, अशी त्याची तक्रार. ठराव लगेच मंजूर झाला, कारण मला माझा आवाज ऐकायला आवडतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हापासून मी "बदाम सत्ती", "इस्पिक गुलाम" असा पुकारा करतो. सवय इतकी झाली, की घरी एकट्याने पेशन्सचा डाव लावतानाही तोंडातून निघतं आणि बायको म्हणते, "कळलं."

आता त्या रविवारचं.

दरवर्षी नाशिकच्या एका मंडळाबरोबर आमचा सामना असतो. चौघे जातात. कर्णधार कोण, तर इथल्या स्पर्धेत पहिला येईल तो. श्रीधर सलग बरीच वर्षं कर्णधार होता. आणि या वर्षी त्याला ते पद इतकं हवं होतं, की मला जरा नवल वाटलं. मग मी त्याच्या घरच्या कारभाराची मनातल्या मनात मांडणी केली आणि नवल वाटायचं थांबलं. बँकेचं काम जावयाने मोबाईलवर घेतलं होतं. भाजी आणायचं मंदाकिनीवहिनींनी काढून घेतलं, कारण तो मेथी सांगितली की शेपू आणायला लागला. वीजबिल, घरपट्टी, नातवाचा अभ्यास, एकेक खातं बंद होत गेलं. उरलं होतं नाशिक. तिथे त्याला सगळे 'कॅप्टन' म्हणायचे आणि जेवणाला काय करायचं ते त्याला विचारायचे.

"या वर्षी गेलो की बस," त्याने आदल्या दिवशी मला सांगितलं.

"दरवर्षी हेच म्हणतोस."

"या वर्षी खरं म्हणतोय."

दुपारी सोसायटीच्या सभागृहात स्पर्धा सुरू झाली. एकेक जण गळत गेला. माधव लवकर गेला. हातात टोटल कचरा घेऊन त्याने पुस्तकाप्रमाणे थाप मारली, आणि सर्जेरावांनी ती उघडली. सर्जेराव बावधनकडचे. अर्धी जमीन बिल्डरला देऊन अर्धी राखून बसलेले. तीन पत्तीत मुरलेला माणूस.

"अहो पण तुम्ही कशाच्या जोरावर उघडायला लावलंत?" माधवने विचारलं. "तुमच्याकडे नुसती पंजीची जोडी."

"तुझ्या गळ्याची घाटी वर-खाली होत हुती," सर्जेराव म्हणाले. "आमच्यात बैल घेताना बी आधी हेच बगत्यात."

पण श्रीधरपुढे सर्जेरावांचं काही चाललं नाही. त्यांनी दोनदा टक लावून त्याच्याकडे बघितलं आणि दोन्ही वेळा पत्ते टाकले. "या माणसाचं काय कळतच न्हाई," ते मला म्हणाले. "देवळातल्या मूर्तीगत बगतोय. आपल्याकडं बगतोय का आपल्या मागं, त्येबी समजंना." शेवटी वैतागून त्यांनी सगळं लावलं आणि ते गेले. उरले दोघे: श्रीधर आणि हमीदा.

हमीदा कसबा पेठेतली. वडिलांचं, रज्जाकभाईंचं, तिथे कुलपांचं दुकान. ती स्वतः एका विमा कंपनीत दावे तपासते. म्हणजे कोणाची गाडी खरंच ठोकली गेली आणि कोणी भिंतीला घासून आणली, हे ओळखायचं तिचं काम. आमच्या मंडळात आली तेव्हा दोघा-तिघांनी तिला खेळ समजावून सांगायचा प्रयत्न केला होता. ते दोघे-तिघे आता प्रेक्षकांत बसले होते.

मंदाकिनीवहिनी टेबलासमोर खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांना खेळातलं काही कळत नाही, पण श्रीधरच्या मागे स्कूटरवर बसून त्या आल्या होत्या, आणि त्याच्या मागे बसूनच जायचं म्हणून थांबल्या होत्या.

दोघांपुढचे ढीग साधारण सारखेच होते. मी पत्ते वाटले. श्रीधरने आपले दोन नाकापाशी नेले, मान तिरकी केली, माझ्या कानाकडे बघितलं, खाली ठेवले. हमीदाने कोपरे उचलून आपले बघितले. थोड्या थोड्या चिप्स मध्ये आल्या.

मी मधले पहिले तीन उघडले. "बदाम दश्शी. किल्वर राणी. बदाम सत्ती."

हमीदाने बऱ्याच चिप्स लावल्या. श्रीधरने तितक्याच लावल्या. चौथा उघडला. "इस्पिक दुर्री." पुन्हा तसंच. मग पाचवा. "बदाम तिर्री."

मध्ये आता तीन बदाम होते. हातात दोन बदाम असतील तर पाच एका रंगाचे होतात, आणि त्यापुढे हमीदाकडे जे काही असेल ते बहुतेक पाचोळा. श्रीधरने दोन्ही हातांनी आपला ढीग धरला आणि सगळाच्या सगळा पुढे लोटला.

माधव पुढे सरकून माझ्या कानाशी कुजबुजला, "थाप. हंड्रेड परसेंट. तिसरा बदाम आला आणि लगेच मारली. क्लासिक स्पॉट."

हमीदा श्रीधरकडे बघत राहिली. बराच वेळ. तिचं बघणंही त्रासदायक असतं. ती टक लावत नाही, तुमच्या मनातलं कागदपत्र चाळल्यासारखी सावकाश बघते.

"काका, रंग आहे?" तिने विचारलं.

"आहे," श्रीधर म्हणाला.

"मोठा?"

"पुरेसा."

आणखी काही बोलला नाही. हमीदाने आपले पत्ते उचलले, पुन्हा एकदा बघितले, आणि पालथेच माझ्याकडे सरकवले. डाव सोडला. टेबलाभोवती उसासे निघाले. आता श्रीधरपुढे डोंगर होता आणि तिच्यापुढे मूठभर.

"का टाकलेस?" माधव न राहवून म्हणाला. "जोडी होती ना? राणीची?"

"होती."

"अगं, ते काका आहेत. थापा मारण्यात—"

"खोटं बोलणारा माणूस जास्त सांगतो," हमीदा म्हणाली. "विचारलं त्यापेक्षा दोन शब्द तरी जास्त. कुठे ठोकली विचारलं की सकाळी नाश्त्याला काय खाल्लं इथपासून सुरुवात. काकांनी विचारलं तेवढंच सांगितलं. हा माणूस खरं बोलतोय."

श्रीधरचा चेहरा उजळला. कौतुकाने नव्हे, मास्तरला चांगला विद्यार्थी मिळाल्यावर उजळतो तसा. डाव सुटला होता. पत्ते दाखवायचं त्याला कारण नव्हतं, आणि शहाणा माणूस दाखवत नाही. पण त्याला पोरीचं समाधान करायचं होतं.

"बरोबर टाकलेस," तो म्हणाला. "उगाच हळहळू नकोस. हे बघ." आणि त्याने आपले दोन पत्ते उलटे करून टेबलावर ठेवले, त्यांवर बोट टेकवलं. "बदाम राजा, बदाम पंजी. खाली तीन. रंग."

मी बघितलं. आणि तोंडाला सवय लागलेली, ते माझ्याआधी बोललं.

"चौकट राजा. बदाम पंजी."

मग हशा फुटला. असा हशा आमच्या सभागृहाने कधी ऐकला नसेल. सर्जेरावांनी मांडीवर थाप मारली. माधव उभाच राहिला. "लेजंड," तो म्हणत होता, "लेजंड. रंग नाही, जोडी नाही, काहीच नाही. पुन्हा तोंडावर सांगतात, रंग आहे. आणि दाखवून परत सांगतात, रंग आहे." कोणीतरी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी म्हणालं, नाशिकवाल्यांना आधीच कळवून टाका, खेळायला बसू नका म्हणावं.

मी हसत होतो. मी श्रीधरकडे बघेपर्यंत हसत होतो.

त्याचं बोट अजून त्या राजावर होतं. तो माझ्या दिशेने बघत होता. माझ्याकडे नव्हे, माझ्या कानाकडे. त्याचे ओठ जरासे हलले, 'चौकट' असा शब्द आतल्या आत म्हणून पाहिल्यासारखे. मग त्याने पत्ता हळूच उचलला, नाकापाशी नेला, मान तिरकी केली. परत खाली ठेवला.

वर्षभराच्या त्या सगळ्या थापा. पत्ते नाकाशी. मोठ्याने वाचायचा ठराव. मूर्तीगत नजर. मेथी आणि शेपू. मी समोर बसून सगळं बघितलं होतं आणि प्रत्येक रक्कम चुकीच्या बाजूला लिहिली होती. हा माणूस थापा मारतच नव्हता. त्याला आपल्या हातात जे आहे असं वाटायचं, त्यावर तो सरळ, प्रामाणिकपणे खेळत होता. म्हणून त्याच्या चेहऱ्यावर काही सापडायचं नाही. हमीदाचा तपास अगदी बरोबर होता. माणूस खरं तेच बोलत होता.

सगळे हसत होते. श्रीधरने ते हसणं ऐकलं. मला दिसलं, की त्याने ते तोललं. आता त्याला फक्त एकच करायचं होतं: हसायचं. वर्षभर तो तेच करत आला असणार. पत्ते उघडले की भलतंच निघायचं, लोक वाहवा करायचे, आणि हा ओठ मिटून हसायचा.

श्रीधर ओठ मिटून हसला.

"काय काका," माधव म्हणाला, "जीव घेतला तुम्ही."

"पोरीचा घेतला. तुझा नाही," श्रीधर म्हणाला आणि त्याने चिप्स आपल्याकडे ओढल्या. हशा पुन्हा उठला. वहिनीसुद्धा हसल्या.

मी गड्डी पिसायला घेतली. पिसता पिसता हमीदाकडे बघितलं. ती हसत नव्हती. तिची नजर त्या चौकट राजावर होती. तो उचलायचा राहून गेला होता. तिने तो स्वतः उचलून माझ्या हातात दिला. मला कळलं, की तिलाही कळलंय.

पुढचा डाव वाटला. हमीदाने आपल्या पत्त्यांना हात लावला आणि ते तसेच माझ्याकडे सरकवले. "गेले," ती म्हणाली. दर डावाला आधीच मध्ये ठेवाव्या लागतात त्या थोड्या चिप्स श्रीधरने घेतल्या.

त्यापुढचा वाटला. पुन्हा "गेले."

तिच्यापुढचा मूठभर ढीग चिमूटभर झाला. लोकांना वाटलं, पोरगी खचली. सर्जेराव म्हणाले, "मोडली." आणखी एक-दोन डाव, की नाशिक श्रीधरचं.

तिसऱ्यांदा मी पत्ते वाटले. श्रीधरने आपले उचलले नाहीत. तो ऐकत होता. हमीदाचे दोन पत्ते टेबलावर घासत माझ्याकडे आले, आणि ती "गेले" म्हणणार एवढ्यात तो बोलला.

"हमीदा. पत्ते बघितलेस?"

"हो काका."

"खोटं बोलू नकोस. उचलल्याचा आवाज नाही आला."

हमीदाने माझ्याकडे बघितलं.

"आधीच्या दोन वेळांनाही नाही आला," श्रीधर म्हणाला. "मला वाटलं, पंख्यामुळे ऐकू आलं नसेल."

"काका, खेळा ना तुम्ही."

"भिकेत काढायचा का आता डाव?"

हे तो आवाज न चढवता म्हणाला. श्रीधरने आपले दोन पत्ते उचलले, नाकापाशी नेले. या वेळी घाई केली नाही. मान एका बाजूला केली, मग दुसऱ्या. कधीच कोणी इतका वेळ पत्ते बघत नाही. मग त्याने ते माझ्यापुढे पालथे ठेवले.

"अण्णा, मी सांगतो. तू उघडून वाच."

"श्रीधर, डाव चालू आहे."

"चौकट अठ्ठी," तो म्हणाला. "इस्पिक गुलाम. वाच आता."

मी पत्ते उलटे केले. वाचावंसं वाटत नव्हतं. खोटं वाचावं असंही एकदा मनात आलं. पण तिथे माझ्या शेजारी माधव होता, आणि त्याचं तोंड आधीच उघडलेलं होतं.

"बदाम तिर्री," मी म्हणालो. "इस्पिक राजा."

"दोन्ही चुकले," श्रीधर म्हणाला. "इस्पिक तेवढं जुळलं."

कोणी हसलं नाही. माधवने एकदा पत्त्यांकडे बघितलं, एकदा श्रीधरकडे. "म्हणजे काका," तो म्हणाला, "मागचं वर्षभर..." त्याचं वाक्य तिथेच राहिलं. भिंतीवर तक्ता लावून शिकवलेलं सगळं त्याच्या चेहऱ्यावरून उतरताना दिसत होतं. सर्जेरावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

वहिनी उठून टेबलापाशी आल्या. त्या अगदी त्याच्या समोर उभ्या राहिल्या.

"अहो, म्हणजे काय?" त्यांनी विचारलं. "पत्ते दिसत नाहीत?"

"दिसतात. मधलं जातं. कडेचं दिसतं."

"कधीपासून?"

"झालं एक वर्ष. थोडं अधिकच."

"आणि मी तुमच्यावर शेपूवरून चिडले," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी रोजच्यासारखा होता, आणि ते ऐकायला फार वाईट होतं. "डॉक्टरकडे का नाही गेलात?"

"डॉक्टर काय करणार? स्कूटर काढून घेणार."

तेव्हा वहिनींच्या लक्षात आलं. मला ते त्यांच्या चेहऱ्यावर येताना दिसलं. आणि आमच्याही सगळ्यांच्या एकदमच आलं असणार, कारण एक खुर्ची करकरली.

"मी आत्ता तुमच्या मागे बसून आले," वहिनी म्हणाल्या. "पौड रोडवरून. मेट्रोच्या खणलेल्यातून."

"आलीस ना नीट?"

"समोर कोणी आलं असतं तर?"

श्रीधरने थोडा विचार केला. हिशेब चुकू नये म्हणून करतात तसा.

"अजून तरी कोणी आलेलं नाही," तो म्हणाला.

वहिनींनी टेबलाची कड धरली. हमीदा उठायला लागली, पण त्यांनी हातानेच तिला बस म्हटलं. "परवा नातवाला पुढे उभा करून शाळेत सोडलंत," त्या म्हणाल्या.

"हळू चालवतो," श्रीधर म्हणाला. "पुढचा थांबला की थांबतो. तो निघाला की निघतो. रस्ता माझ्या पाठ आहे, मंदा."

"आणि मी?" वहिनींनी विचारलं. "मी दिसते का?"

तो या प्रश्नाला तयार नव्हता. त्याने चेहरा वर केला, त्यांच्या तोंडाच्या दिशेने, आणि मग मान हळूच तिरकी केली, पत्ता बघताना करायचा तशी. आम्ही सगळ्यांनी ते बघितलं. मला उठून जावंसं वाटलं.

"कडेने दिसतेस," तो म्हणाला.

वहिनींनी हात पुढे केला. श्रीधरला हात दिसला नसावा. पण त्या कशासाठी उभ्या आहेत, ते त्याला कळलं. त्याने खिशातून स्कूटरची किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. वहिनींनी ती उचलून पर्समध्ये टाकली, चेन लावली.

मग त्याने दोन्ही हातांनी आपल्या चिप्सचा डोंगर हमीदाच्या बाजूला लोटायला सुरुवात केली. मधल्या पाच पत्त्यांची जागा ओलांडून, अंदाजाने. काही तिच्यापुढे गेल्या, काही टेबलाच्या कडेवरून खाली पडून फरशीवर घरंगळल्या. खाली वाकायचं कोणाच्या लक्षात आलं नाही.

"काका, नको," हमीदा म्हणाली. "असं नका करू. मी नाही घेणार."

"दान नाही देत. डाव सोडतोय. नियमात आहे. अण्णा, नियमात आहे ना?"

"आहे," मी म्हणालो. नियमात नव्हतं.

"मग कॅप्टन तू," श्रीधर हमीदाला म्हणाला. त्याचा आवाज आता कोरडा होता, ड्रॉइंग ऑफिसातला. "नाशिकचा तो दाढीवाला आहे ना, त्याच्या चेहऱ्याकडे बघत बसू नकोस. चेहरा त्याचा फार तयार आहे. चिप्स ठेवतो त्याचा आवाज ऐक. हात खरा असला की एकदम ठेवतो. थाप असली की दोनदा ठेवतो. आधी थोड्या, मग उरलेल्या. ऐकलंस?"

"ऐकलं, काका."

"म्हण परत."

हमीदाने परत म्हटलं. खरा असला की एकदम. थाप असली की दोनदा. श्रीधरने मान डोलावली.

"चला," वहिनी म्हणाल्या. "रिक्षाने जाऊ."

"स्कूटर इथे ठेवून? सोसायटीवाले पावती फाडतील."

"फाडू देत."

श्रीधर उठला. वहिनी त्याच्या समोरून बाजूला झाल्या, डाव्या हाताला आल्या, आणि त्याचं कोपर धरलं. "जिना दिसतो मला," तो म्हणाला. त्यांनी कोपर सोडलं नाही. दोघं दारातून गेले आणि आम्ही पायऱ्यांवरचे त्यांचे पाय ऐकत बसलो, एकेक.